लेकीच्या हातची कुऱ्हाड

वादळ येऊन गेलं आणि टेकडीवरची निम्मी झाडं आडवी झाली. थंडी तोंडावर आलेली. जो तो कुऱ्हाड घेऊन वर धावला, कारण पडलेलं झाड जो तोडील त्याचं. झाडं जुनी, गाठीगाठींची. कुऱ्हाडींच्या धारा बघता बघता गेल्या आणि सगळं गाव लोहाराच्या भट्टीवर येऊन बसलं.

भट्टी गावाच्या टोकाला, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर होती. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू रस्त्याला उघडी. आत उजवीकडे भाता, मधे ऐरण, ऐरणीला लागून पाण्याची दगडी कुंडी. मागच्या भिंतीतलं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं. त्यामुळे घरातल्या जेवणाला कायम कोळशाचा वास, आणि भट्टीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला घरात आज काय शिजतंय याची खबर.

भट्टीवर तिघं राबत. आई भाता ओढायची, लोहार सांडशीनं लोखंड धरून हातोड्यानं जागा दाखवायचा, आणि त्या जागेवर घण घालायची ती त्यांची लेक. पूर्वी घण आईच घालायची. तिचा उजवा खांदा कामातून गेला, ती भात्यावर बसली आणि घण लेकीच्या हातात आला. तेव्हा पोरगी घणाच्या दांड्याहून जेमतेम वीतभर उंच होती. आता तिचे दंड असे झाले होते की गावातली माणसं तिला 'पैलवान' म्हणत. चक्कीवाल्यानं ठेवलेलं नाव. ते ऐकलं की आई घरातून लांब बाह्यांचा सदरा आणून तिच्या अंगावर टाकायची. भट्टीच्या धगीत लांब बाह्या! पण दंड झाकले गेले पाहिजेत.

घण हे भट्टीवरचं सगळ्यात जड हत्यार, आणि ते बाईनं उचलायचं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ती मदत. हातोडा हलका, पण हातोडा चालवणं म्हणजे काम. आणि धारेला पाणी देणं म्हणजे तर विद्या, ती पुरुषाची. असं का, हे कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याच्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं.

पाणी द्यायचं म्हणजे घडवलेलं पातं लाल करायचं, धार कुंडीत बुडवून लगेच वर काढायची, कानशीनं घासून लख्ख करायची आणि मग नजर न हलवता बघत राहायचं. पात्याच्या अंगातली ऊब धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग वांग्याचा जांभळा, शेवटी निळा. कुऱ्हाडीच्या धारेवर जांभळा चढला की पुन्हा बुडवायची. पिवळ्यावर बुडवली तर धार काचेसारखी तडकते. निळ्यावर गेली तर शिशासारखी वाकते. मधे फुरसत किती, तर पापणी लवेल एवढी.

आणि लोहाराला आता रंग दिसत नव्हते.

उभा जन्म विस्तवात बघून त्याचे डोळे विझत आले होते. लाल तेवढं कळायचं, बाकी सगळं राखेसारखं. मागच्या थंडीत त्यानं दोन विळे निळे करून टाकले तेव्हा लेक ओरडली होती, "बाबा, गेला!" तो तिच्या अंगावर धावून गेला होता. मग गिऱ्हाईक गेल्यावर ऐरणीवर बसून, खाली बघत त्यानं विचारलं होतं, "तुला दिसतो?"

"दिसतो."

"कधी बुडवायचं ते कळतं?"

"तुमच्या शेजारी उभी राहून इतकी वर्षं दुसरं काय बघत होते?"

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. धार घासायचं काम लेकीचं. घासून झालं की कानशीवरची धूळ झटकल्यासारखं करून ती योग्य रंगावर कानस ऐरणीवर आपटायची. टिंग. बाप पातं बुडवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी कानस झटकते आणि लोहार पाणी देतो. पुढे पुढे तर दुपारी गिऱ्हाईक नसलं की रस्त्याकडचं फळकूट आडवं लावून लेकच सांडशी धरायची, लेकच हातोडा चालवायची, आणि बाप भिंतीशी बसून नुसता आवाज ऐकायचा. "हलक्यानं. आता कडेला ये. हां." पातं तयार झालं की हातानं चाचपायचा आणि त्यावर स्वतःचा ठसा ठोकायचा.

या वादळानंतरच्या गर्दीत गावात गेलेली निम्मी धार तिची होती. ठसा बापाचा.

एकदा दुपारी आई त्याच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी ठेवत होती. तो आडवा पडल्या पडल्या बोलला, "पोरी, हा हंगाम निभू दे. मग मी सांगतो."

"काय सांगता?"

"चार लोकांत सांगतो. माझ्या तोंडानं. हे माझ्या लेकीनं केलेलं आहे म्हणून. भट्टी तुझी. तुझा दादा काही शहरातला ट्रक सोडून इथे कोळसा फुंकायला यायचा नाही."

आईनं फडकं पिळलं आणि पुन्हा ठेवलं.

लेकीनं ते वाक्य मनात ठेवून दिलं. घण घालताना, ओढ्यावरून पाणी आणताना, चुलीपाशी बसताना ती ते काढून बघायची. बाबा म्हणतील, हे माझ्या लेकीनं केलेलं आहे. लोक बघतील. आपण काय करायचं? हात पुसायचे आणि खाली बघायचं. फार हसायचं नाही. तेवढ्या एका वाक्याच्या जोरावर तिचे खांदे दुखायचे थांबले होते. गिऱ्हाईक तिच्या पुढ्यातून हात लांबवून कुऱ्हाड बापाच्या हातात द्यायचं, तेही तिला आता लागेनासं झालं होतं.

लाकूडतोड्या आला त्या दिवशी भट्टीवर बरीच माणसं बसली होती. त्याला नवी कुऱ्हाड हवी होती. टेकडीच्या मागच्या अंगाला एक म्हातारं झाड पडलं होतं, त्याच्यावर त्याचा डोळा होता. तो, त्याची बायको आणि दोन लहान पोरं, सगळ्यांची थंडी त्या झाडावर निघणार होती. चक्कीवालाही होता. चक्की बंद असली की त्याची बैठक इथेच, आणि तोंड चक्कीसारखंच, दाणे असोत नसोत, चालू.

पातं झकास उतरलं. लेकीनं घणाखाली मधाच्या पोळ्यासारखा मऊ झालेला लाल गोळा बघता बघता रुंद केला. लाल करून धार बुडवली, काढली, तिनं कानस फिरवली. लख्ख. बाप सांडशी धरून थांबला.

चक्कीवाला म्हणाला, "लोहारा, एक विचारू का? ही पोरगी टिंग करते आणि मग तू बुडवतोस. रोज बघतोय मी. शाळेची घंटा आहे की काय? घंटा झाली की तुला सुट्टी?"

माणसं खदखदून हसली. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण आहे बाबा ती!"

लेकीनं मान वर केली नाही. धारेवर वाळल्या गवताचा पिवळा नुकता लागला होता. अजून तपकिरी यायचा होता, मग जांभळा. तिची नजर तिथेच. आणि बापानं पातं कुंडीत खुपसलं. चर्र आवाज झाला, वाफ आली.

"बाबा..."

"घण उचल," तो म्हणाला. "पुढचं घे."

"बाबा, पिवळ्यावर..."

"घण उचल म्हणतो ना!" असा आवाज त्यानं गिऱ्हाइकांसमोर कधी चढवला नव्हता. चक्कीवाला खूश झाला. "आता कसा लोहार बोलला!"

कुऱ्हाडीवर ठसा बसला. लाकूडतोड्यानं ती खांद्यावर टाकली आणि गेला.

जेवताना लेक म्हणाली, "ती कुऱ्हाड परत आणवा. पुन्हा लाल करून नीट पाणी देऊ. काहीही सांगा त्यांना. ठसा वाकडा बसला म्हणा."

"माझं पाणी चुकत नाही," बाप म्हणाला.

"तुम्हाला दिसलं का?"

ताटावरचा त्याचा हात थांबला. आई म्हणाली, "जेव गं गुपचूप. उद्या बघू."

उद्या कुणी बघणार नव्हतं हे लेकीला कळत होतं. सकाळी भट्टी पेटायच्या आत ती टेकडी चढून गेली. लाकूडतोड्याची बायको फांद्यांच्या मोळ्या बांधत होती. तो झाडाच्या बुंध्याशी उभा होता.

"काका, ती कुऱ्हाड द्या. नीट करून दुपारपर्यंत आणून देते."

"का? काय झालं तिला?"

"धार कडक झालीय. तडकेल."

तो हसायलाच लागला. "तुझ्या बापाच्या पाण्याला खोट? त्याचा ठसा आहे त्याच्यावर. जा बाई, भाता ओढ जा." आणि बायकोला म्हणाला, "ऐकलंस का? पैलवान आता बापाला शिकवायला लागली."

लेकीनं कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला, तर त्यानं तो झटक्यानं ओढून घेतला. ती खाली आली. येताना दोनदा मागे वळून बघितलं.

दुपार कलायच्या सुमाराला टेकडीवरून आरडाओरडा आला. गाठीवर घाव बसला, धारेचा मोठा तुकडा उडाला आणि लाकूडतोड्याच्या नडगीत घुसला. हाड फुटलं. चौघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून खाली आणलं आणि गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडी गेल्यावर उरलेली माणसं भट्टीवर आली. पुढे लाकूडतोड्याची बायको. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं तुटकं पातं होतं. फडकं रक्तानं भरलेलं. तिनं ते ऐरणीवर ठेवलं.

"दादा, हे काय केलंत?"

लोहारानं पातं उचललं. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याला सगळं कळलं. डोळे गेले होते, अंगठा गेला नव्हता.

"काल सगळ्यांसमोर घडवलंय," कुणीतरी म्हणालं. "आमच्याही कुऱ्हाडी इथल्याच. आता त्यांचा काय भरवसा? घाटाखालच्या लोहाराकडे जायचं का आता?"

लोहार उभाच. पातं हातातच. लेक घणाला टेकून उभी होती. तिला बापाची दया आली. खरंच आली. तिनं मनात ठरवलं, ते म्हणतील डोळे गेलेत, आणि मग आपण पुढे होऊ, म्हणू की मी आहे, सगळ्या कुऱ्हाडी तपासून देते.

तेवढ्यात लाकूडतोड्याची बायको एकदम लेकीकडे वळली. "ही सकाळी आली होती टेकडीवर. कुऱ्हाड परत द्या, तडकेल म्हणत होती."

सगळ्या माना वळल्या.

"हिला कसं ठाऊक?" चक्कीवाल्यानं विचारलं. मग त्याचाच चेहरा उजळला. "अरे! हिचाच हात लागला असणार तिला. लोहारा, खरं सांग. आम्ही असताना घडवलीस तू, पण नंतर मागे नेऊन पोरीनं काही उद्योग केला ना?"

असं काही झालं नव्हतं. कुऱ्हाड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ऐरणीवरून खांद्यावर गेली होती. पण माणसांना ते आठवेना, कारण आठवायचंच नव्हतं. सगळे लोहाराकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आशा होती. त्यांनाही जवळचा लोहार हवाच होता.

लोहारानं घसा खाकरला. लेकीच्या बाजूला तोंड केलं नाही.

"हे माझ्या लेकीनं केलेलं आहे," तो म्हणाला.

ते वाक्य कानावर पडलं तेव्हा क्षणभर तिला आनंदच झाला. हात आपोआप सदऱ्याला पुसले गेले. किती दिवस ठेवून दिलेलं वाक्य, शब्दसुद्धा तेच. मग त्याचा अर्थ कळला आणि तिनं हात खाली सोडले.

"वहिनी, खरं का?" लाकूडतोड्याच्या बायकोनं भात्याकडे बघत विचारलं.

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं काल सगळं बघितलं होतं, भात्यावरून, हाताच्या अंतरावरून.

"हो," आई म्हणाली. "मी नको नको म्हणत होते तिला."

भट्टीवर बसलेला सगळा ताण सैल झाला. "तरीच!" "मी म्हणतच होतो." "बाईमाणसाचा हात धारेला लागला की असंच व्हायचं." चक्कीवाला लोहाराच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "लाडावून ठेवलीस तू. पोटाला लेक असली की असंच होतं. पण तू खरं बोललास, त्याला काळीज लागतं." लाकूडतोड्याची बायको पोरीजवळ आली. वाटलं, मारणार. मारलं नाही. नुसतं म्हणाली, "तुझ्या हौसेपायी गं." ते मारण्याहून वाईट होतं.

त्या संध्याकाळी चूल पेटली, पण जेवायला कुणी बसेना.

"मी काय वाईट केलं तुमचं?" लेक म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "केसानं गळा कापलात माझा. दोघांनी मिळून."

बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. "माझी चूक म्हटलं असतं तर उद्यापासून भट्टीवर कुत्रं फिरकलं नसतं. लोहाराची चूक लोक विसरत नाहीत. तुझी विसरतील. पोरीनं केलं म्हटलं की संपलं."

"आणि जी चांगली झाली ती सगळी? ती कुणी केली?"

तो भिंतीवरची काजळी नखानं खरवडत राहिला.

आईनं तिचा हात धरायला बघितला. "अगं, तुला काय, उद्या तू दुसऱ्या घरी जाशील. त्यांना इथेच राहायचंय. बाप्या माणसाची अब्रू गेली की काय उरतं त्याच्यापाशी? माझा खांदा गेला तेव्हा मी कुणाला बोलले? आपलं सोसून जातं."

"तुझं गेलं सोसून?"

आईनं उजवा हात मांडीवर घेतला. तो खांद्याच्या वर जायचाच नाही, डोक्यावर केस बांधायलाही लेक लागायची. ती म्हणाली, "जेवून घे."

पुढचे दिवस लेक भट्टीवर जात राहिली. घण घातला, कोळसा फोडला. कानसही वाजवली, कारण पुढ्यातलं पातं कुणाच्या तरी हातात जाणार होतं, आणि लाकूडतोड्याची नडगी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बापानं एकदा हळूच म्हटलं, "झालं गेलं विसर." तिनं घण उचलला. तिच्या मनात एकच प्रश्न होता, की हा माणूस पुन्हा एकदा, कधी तरी, ते वाक्य बोलेल का? चांगल्या पात्यावर?

मग एका सकाळी लाकूडतोड्याची बायको आली. नवरा अजून खाटेवर होता. झाड अर्धं तुटलेलं, थंडी तर सुरू झालेली. आता झाड तिलाच तोडायचं होतं. भट्टीच्या कोपऱ्यात पडलेलं तेच तुटकं पातं तिनं उचलून पुढे केलं. "यातनंच लहान करून द्या दादा. मला झेपेल अशी. पण एक सांगते, तुम्ही स्वतः करा. त्या पोरीला हात लावू देऊ नका."

भट्टीवर माणसं बसली होती. चक्कीवाला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लोहार म्हणाला, "नाही लावू देत."

घण तर तिनंच घातला. तो हात लावण्यात मोजत नव्हते. पातं लाल झालं, धार बुडली, वर आली. लेकीनं कानस फिरवली आणि बाजूला झाली. ऊब सरकायला लागली. वाळलं गवत. तपकिरी. समोर ती बाई उभी होती, बारीक मनगटांची. उद्या ती टेकडीवर एकटी असणार. लेकीचे दात आवळलेले होते. जांभळा धारेवर चढला.

टिंग.

बापानं पातं बुडवलं. पाण्यातून काढून त्यानं ते दगडावर घासलं, गाठीच्या लाकडाचा ठोकळा पुढे ओढला आणि दांडा घालून बाईच्या हातात दिलं. तिनं घाव घातला. पातं गाठीत असं शिरलं की काढायला पाय द्यावा लागला. धारेवर ओरखडा नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"याला म्हणतात पुरुषाचा हात," ती म्हणाली.

चक्कीवाल्यानं मांडीवर थाप मारली. लोहारानं कुऱ्हाड परत घेतली. बोलायला जागा होती, माणसं होती, हातात निर्दोष पातं होतं. लेक त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "ठसा दे."

तिनं ठसा दिला. त्याला जागा सापडेना, तेव्हा मनगट धरून तिनंच तो पात्यावर सरळ ठेवला. त्यानं हातोडा घातला. ठसा स्वच्छ उमटला.

कुऱ्हाड खांद्यावर घेऊन जाताना बाई दारात थांबली. आता ती मवाळ झाली होती. "आणि तू गं पोरी, पुन्हा असला उद्योग करू नकोस. पुन्हा धारेला हात लावू नकोस."

"नाही लावत काकी," लेक म्हणाली. "यापुढे नाही."

बोलली बाईशी, पण बघत होती बापाकडे. तिनं कानस ऐरणीवर ठेवली, घागर उचलली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. आईनं भाता ओढता ओढता मान वळवली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि इतक्या माणसांत काय म्हणून बोलवायचं ते न सुचून मिटून घेतलं.

भट्टीतलं पुढचं पातं लाल होऊन तयार होतं. लोहारानं ते सांडशीनं उचललं, धार बुडवली, वर काढली, चाचपडत कानस शोधून स्वतःच घासली. मग पातं समोर धरलं. धार राखेसारखी दिसत होती. तो कान देऊन थांबला.

"काय लोहारा," चक्कीवाला म्हणाला, "कुणाची वाट बघतोस?"